दुसरा रस्ता नसलेली माणसं

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकच गोष्ट परत परत आली, ऑनलाइन भेटलेला माणूस खरा की खोटा. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि अख्खा कॉलम याच विषयाला देते. पत्रं थोडी छोटी केलीयेत आणि कोणी ओळखू येईल असे तपशील काढलेत. ज्यांना घाई होती त्यांना मेलवर आधीच उत्तर दिलंय.

प्रश्न : ताई, मी घणसोलीला राहते, वय ४१, डिव्होर्स झालाय, मुलगा आठवीत आहे. मॅट्रिमोनी साइटवर एकाशी ओळख झाली, मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर, मूळ रत्नागिरीकडचा, नेरूळच्या टीएस चाणक्यमधून शिकलो म्हणतो. चार महिने रोज बोलतोय, मी डबे भरत असते तेव्हा त्याचा मेसेज येतोच, मुलाच्या युनिट टेस्टचीसुद्धा आठवण ठेवतो. मराठी टाइप करतो पण बोलताना हिंदी-इंग्लिश जास्त, म्हणे शिपवर तीच सवय झाली. व्हिडिओ कॉल दोनदा झाला, नेटवर्कमुळे चेहरा धड दिसला नाही. मागच्या महिन्यात त्याने पार्सल पाठवलं ते दिल्ली कस्टम्सला अडकलं असा एका मॅडमचा फोन आला, मी ६८ हजार भरले. आता म्हणतात आत परदेशी करन्सी सापडली, २ लाख ४० हजार भरा नाहीतर केस होईल. तो म्हणतो भर, उतरलो की पहिले तुझे पैसे देतो, आणि घरी आत्ता कुणाला सांगू नको. कल्याणला भाऊ आहे, त्याला काही माहीत नाही. मला आतून वाटतं हा माणूस खोटा नाही. खात्री कशी करू?

उत्तर : ताई, मेलवर लिहिलं तेच आधी परत लिहिते, ते २ लाख ४० हजार भरू नका. केस होईल, अटक होईल, काहीही सांगू देत.

आता खात्रीचं. कस्टम्सपासून सुरू करते कारण तिथे मन आड येत नाही, सरळ तपासता येतं. कस्टम्सचा अधिकारी फोन करून अमक्याच्या खात्यात ड्युटी भरा असं कुणालाही सांगत नाही. २०१९ पासून त्यांच्या नोटीस-समन्सवर डीआयएन नावाचा, त्या कागदाचा स्वतःचा नंबर असतो आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम्सच्या वरच्या केंद्रीय बोर्डाच्या वेबसाइटवर टाकून कोणीही बघू शकतं. तुम्हाला असा काही कागद आलाय का? आणि ६८ हजार ज्या खात्यात गेले त्याचं नाव बघा, सरकारी खातं आहे का कुठल्या तरी एंटरप्रायझेसचं, नाहीतर एखाद्या माणसाच्या नावाचं? तुमच्या मेलमध्ये ते नाव होतं म्हणून सांगते, ते खातं कस्टम्सचं नाही.

मग राहिला तो. चाणक्यचं नाव घेतो आणि स्वतःला चीफ इंजिनिअर म्हणवतो. चाणक्यमध्ये नॉटिकल सायन्स शिकवतात, तिथून डेकवरचे ऑफिसर होतात, इंजिनवाल्यांची लाइन वेगळी आणि कॉलेजंही वेगळी. नेरूळ-बेलापूर पट्ट्यात शिपिंगमधली इतकी कुटुंबं आहेत की तुमच्या बिल्डिंगमध्ये विचारलंत तरी कोणीतरी हे सांगेल. शिवाय भारतीय खलाशाकडे सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक असतं, इंडॉस हा खलाशाचा नोंदणी नंबर असतो, तो डीजी शिपिंग या जहाजांच्या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर तपासता येतो. पण हे त्याला आत्ता विचारू नका, का ते पुढे सांगते.

माझ्या मते खरं-खोटं ओळखायची सगळ्यात भरवशाची पद्धत एकच आहे. फोटो, आवाज, गोड बोलणं, आयकार्ड हे सगळं बनवता येतं. पण खऱ्या माणसापर्यंत पोचायला त्याच्या फोनशिवाय दुसरा रस्ता असतोच. बॅचमेट असतो, वाडीतला चुलतभाऊ असतो, कंपनीचं ऑफिस असतं जिथे आपण स्वतः जाऊन विचारू शकतो. रत्नागिरीचा माणूस आणि मुंबई-ठाण्यात त्याचा एक नातेवाईक नाही, एक गाववाला नाही, असं कसं होईल? आणि हा रस्ता तुम्ही स्वतः शोधलेला पाहिजे. त्याने दिलेल्या नंबरवर त्याचाच साथीदार बसलेला असतो, त्या कस्टम्सच्या मॅडमसारखा.

फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा, पण त्यावरच विसंबू नका. दुसऱ्याच कुणाचा निघाला तर विषय संपला, पण काहीच सापडलं नाही म्हणून तो खरा ठरत नाही, एआयने बनवलेला चेहरा कुठेच सापडत नसतो. साइटवरच्या 'व्हेरिफाइड'चंही तेच, त्यात बहुतेक वेळा मोबाइल नंबर नाहीतर एखादं कागदपत्र बघितलेलं असतं, माणूस बघितलेला नसतो. आणि व्हिडिओ कॉल स्वच्छ झाला असता तरी मी हेच लिहिलं असतं. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमधलं एक प्रकरण बाहेर आलं, एका कंपनीतला कर्मचारी व्हिडिओ मीटिंगला बसला होता, समोर त्याचे वरिष्ठ अधिकारी दिसत होते, त्यांच्या सांगण्यावरून त्याने २० कोटी हाँगकाँग डॉलर ट्रान्स्फर केले आणि मग कळलं की त्या मीटिंगमध्ये त्याच्याशिवाय बाकी सगळे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे चेहरे होते. रोज ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला तिथे कळलं नाही, तुम्हाला दोन अंधुक कॉलवरून कसं कळणार होतं.

'मला आतून वाटतं' असं तुम्ही लिहिलंय, त्यावर मला जरा थांबायचंय. तुमचं आतलं वाटणं वेडेपणाचं नाही. चार महिने कोणीतरी तुमच्या मुलाच्या परीक्षेची आठवण ठेवली, तर माणूस विरघळणारच. फक्त ती आठवण बहुतेक वेळा एकाची नसते. ही कामं टोळ्या करतात, शिफ्टमध्ये, तुम्ही काय बोललात ते लिहून ठेवलेलं असतं आणि पुढच्या शिफ्टचा माणूस तिथून पुढे बोलतो. अशा टोळ्यांचे मोठमोठे अड्डे म्यानमार, कंबोडियात आहेत आणि तिथे कीबोर्डवर बसलेल्यांमध्येही नोकरीचं आमिष दाखवून नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली मुलं असतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून ५०० हून जास्त भारतीयांना सरकारने परत आणलं. तुमच्याशी बोलणारा तिथलाच आहे असं मी म्हणत नाही, कदाचित तो इथलाच कोणी असेल, पण ज्या माणसावर तुमचा जीव जडलाय तो माणूस म्हणून अस्तित्वात नाही हे मला जवळजवळ नक्की वाटतं. तुम्हाला वाईट वाटेल, खूप वाटेल, वाटू द्या. खरं माणूस गमावल्यावर जसं रडू येतं तसंच येईल आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता क्रम नीट पाळा. चॅट, नंबर, प्रोफाइल, पेमेंटच्या पावत्या यांचे स्क्रीनशॉट काढा, प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. इंडॉस नंबर वगैरे आधी विचारलात तर तो प्रोफाइल उडवून गायब होईल, म्हणून ते शेवटी, आणि खरं तर विचारायची गरजच नाहीये. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. तिथे पावतीचा नंबर मिळतो आणि ज्या खात्यात पैसे गेले तिथे ते अजून पडून असतील तर बँक ते अडकवून ठेवते. महिना झालाय, पैसे पुढे सरकले असण्याचीच शक्यता जास्त, खोटी आशा दाखवत नाही, पण त्याच खात्यावर अजून दहा बायकांनी पैसे भरले असतील आणि तुमच्या तक्रारीमुळे ते खातं बंद होऊ शकतं. आपल्या बँकेलाही लेखी कळवा.

आणि भावाला सांगा. 'कुणाला सांगू नको' हे वाक्य त्या माणसाच्या कामाचं आहे, तुमच्या नाही. भाऊ ओरडेल कदाचित, ओरडू दे, पण पोलिस स्टेशनला तुमच्या शेजारच्या खुर्चीत तोच बसलेला असेल.

प्रश्न : ऐरोलीला आई एकटी असते. तिला क्राइम ब्रांचमधून म्हणून व्हिडिओ कॉल आला, वर्दी, मागे पोलिसांचा लोगो, ट्रूकॉलरवर पण 'पोलिस' असंच नाव. तुमच्या आधारवर ड्रग्जचं पार्सल गेलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. शेजारच्या काकू वेळेवर आल्या म्हणून पैसे वाचले. पण आई आता प्रत्येक फोनला दचकते. तिला काय समजावू?

उत्तर : त्या काकूंना माझा नमस्कार सांगा. आईला दोनच गोष्टी सांगा पण रोज सांगा. एक, डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काहीही नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येसुद्धा हेच सांगितलं होतं. अटक समोर येऊन होते आणि अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, हे घटनेतच लिहिलंय. दोन, फोन कट केला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. कट करायचा, मग तुम्हाला किंवा काकूंना फोन लावायचा. ट्रूकॉलरवरचं नाव लोकांनी सेव्ह केलेल्या नावांवरून येतं, त्याला पुरावा मानू नका.

आणि ती घाबरली यात तिचा कमकुवतपणा नाही हे तिला नक्की सांगा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटर्सवर धाडी टाकल्या तेव्हा शेकडो जणांना ताब्यात घेतलं, इथली पोरं अमेरिकन नावं घेऊन, तिथल्या टॅक्स खात्याचे अधिकारी आहोत सांगून, अटकेची धमकी देऊन अमेरिकेतल्या लोकांकडून पैसे उकळत होती. तिथले शिकलेसवरलेले लोक घाबरून पैसे भरत होते. सरकारी माणूस बनून घाबरवलं की कुठल्याही देशातला माणूस हलतो.

कॉल आलेला नंबर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' या संशयित कॉलच्या तक्रारीच्या सोयीत टाका. तिथेच आईच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं, एकदा बघून घ्या.

प्रश्न : मी ठाण्याच्या पाचपाखाडीत राहणारा निवृत्त शिक्षक. माझ्या नावाने, माझाच फोटो लावून दुसरं फेसबुक अकाउंट उघडलं गेलं आणि माझ्या विद्यार्थ्यांना मेसेज गेले, माझा सीआरपीएफमधला मित्र आहे, बदली झाली, फर्निचर आणि बुलेट स्वस्तात देतोय. मुरबाडच्या एका विद्यार्थ्याने सरांचा शब्द म्हणून २५ हजार पाठवले. मला झोप लागत नाही. ते पैसे मी भरून द्यावेत का? फेसबुक कायमचं बंद करू का?

उत्तर : सर, पैसे भरून देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, ना कायद्याने ना माझ्या मते नीतीने. तुमच्या नावाचा जो धाक आणि जे प्रेम त्या मुलाच्या मनात आहे तेच चोराने वापरलं, चोरी तुमच्याकडेही झालीय. तुम्हाला द्यावेसेच वाटत असतील तर तो तुमचा आणि त्याचा प्रश्न, पण 'माझी चूक' म्हणून देऊ नका. त्यापेक्षा आज त्याला फोन करा आणि १९३० वर त्याच्याकडूनच तक्रार नोंदवून घ्या, कारण पैसे त्याच्या खात्यातून गेलेत, उशीर त्याला महागात पडतोय.

तुमची तक्रार वेगळी करायची. दुसऱ्याची ओळख वापरणं हे आयटी कायद्याचं कलम ६६ सी आणि कॉम्प्युटर-मोबाइलवरून सोंग घेऊन फसवणं हे ६६ डी, दोन्हीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. या गुन्ह्यांचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, म्हणून पोलिस स्टेशनला कधीकधी 'मोठे साहेब नाहीत, उद्या या' असं ऐकायला मिळतं, पण तक्रार घ्यायला साहेब लागत नाहीत, शांतपणे बसा आणि पोच घेऊनच उठा. फेसबुकवर त्या खोट्या प्रोफाइलवर जाऊन ते फेक म्हणून रिपोर्ट करा, विद्यार्थ्यांनाही करायला लावा.

स्वतःचं अकाउंट मात्र बंद करू नका, निदान आत्ता तरी नको. तुमचं खरं अकाउंट गेलं की लोकांना शोधल्यावर खोटंच सापडेल. उलट त्यावर स्पष्ट लिहा की मी कुणाकडे पैसे मागत नाही, काही विकत नाही, शंका आली तर माझ्या जुन्या नंबरवर फोन करा. मग सेटिंगमध्ये जाऊन फ्रेंड लिस्ट फक्त स्वतःला दिसेल अशी करा. सगळ्यात मोठं दार तेच उघडं राहिलेलं असतं, चोराला सरांचा फोटो तर मिळालाच होता, सरांचे विद्यार्थी कोण हे त्या लिस्टने सांगितलं. प्रोफाइल लॉक करायची सोयही आहे, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला घरी बोलवा आणि करून घ्या, त्यालाही आवडेल.

प्रश्न : मी कळव्याचा, वय २२. मित्राची मजा करायला मुलीच्या नावाने इन्स्टा अकाउंट काढलं, पुण्याच्या कुठल्यातरी मुलीचे फोटो लावले, ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत होतं. आता तो खूपच सिरीयस झालाय, तिला भेटायला पुण्याला जायचं म्हणतो, रात्र रात्र जागतो. गुपचूप डिलीट करून टाकू का?

उत्तर : नको. डिलीट केलंस तर तो तिला शोधत बसेल, आपण काय चुकलो याचा विचार करत बसेल, आणि ग्रुपमधलं कोणीतरी एक दिवस त्याला हसत हसत सांगेल. ते त्याच्यासाठी सगळ्यात वाईट. तू स्वतः जा, एकटा, समोर बसून सांग. कॉलवर नको, ग्रुपसमोर तर अजिबात नको. कारणं देऊ नकोस, 'सगळ्यांनी मिळून केलं' म्हणू नकोस, अकाउंट तू काढलंस. तो शिव्या देईल, मैत्री तोडेल, तो त्याचा हक्क आहे. आणि त्यानंतर काही दिवस त्याच्याजवळ कोणीतरी भरवशाचं असेल याची काळजी घे, त्याच्या मोठ्या भावाला, बहिणीला कुणाला तरी कल्पना दे. फारच खचलेला वाटला तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फ्री आहे, मराठीत बोलतात.

आता त्या पुण्याच्या मुलीबद्दल. तुझ्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली, मला ते खटकलं. तिला माहीतही नाही की तिच्या चेहऱ्याने कळव्यातला एक मुलगा कुणाशी काय काय बोलला. उद्या तुझा मित्र तिच्या कॉलेजच्या गेटवर जाऊन उभा राहिला असता तर? तिने तक्रार केली तर वर सरांना लिहिलं तेच ६६ सी तुला लागू शकतं, मजा होती हे तिथे चालत नाही. फोटो आज काढ, जवळ ठेवलेलेही काढून टाक.

खोटं नाव घेणंच वाईट असं मात्र मी म्हणत नाहीये. शिरवाडकर कुसुमाग्रज या नावाने लिहायचे, त्यात कुणाची फसवणूक नव्हती. आजही कितीतरी बायका स्वतःच्या आजाराबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल वेगळ्या नावाने लिहितात कारण खऱ्या नावाने लिहिलं तर त्यांना धोका आहे. ते नाव त्यांना लपवतं, तुझ्या अकाउंटने दुसऱ्याला जाळ्यात ओढलं. तुला कळतंय म्हणून तर तू लिहिलंस, आता उशीर करू नकोस.

प्रश्न : मी १९ वर्षांची, कोपरखैरणेला राहते, कॉलेज वाशीला. कोणीतरी माझ्या नावाने, माझ्या फोटोंनी अकाउंट काढलंय, घाणेरडं काहीतरी लिहून माझा नंबर टाकलाय, रात्री अनोळखी लोकांचे फोन येतात. आता मेसेज आलाय की ५ हजार दे नाहीतर एडिट केलेले न्यूड फोटो बाबांना पाठवतो. एका जुन्या क्लासमेटवर संशय आहे. घरी कळलं तर कॉलेज बंद होईल. काय करू?

उत्तर : बाळा, पैसे देऊ नकोस. दिलेस तर पुढच्या आठवड्यात १० हजार मागेल. त्याला उत्तरही देऊ नकोस, आणि त्या क्लासमेटला जाब विचारायला जाऊ नकोस, तो नसेल तर एका निरपराध मुलावर आळ येईल आणि असेल तर पुरावे पुसेल. संशय आहे तो पोलिसांना सांग, शोधायचं काम त्यांचं.

ब्लॉक करायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ, तारीख-वेळ दिसेल असे, आणि त्या अकाउंटची लिंक वेगळी लिहून ठेव, नाव बदललं तरी ती कामाला येते. मग इन्स्टाग्रामवर 'दुसऱ्याचं सोंग घेतलंय' हा पर्याय निवडून रिपोर्ट कर. एडिट केलेले फोटो आणि खोटी ओळख यांच्या तक्रारीवर कंपनीला झटपट कारवाई करावी लागते, २०२१ चे आयटी नियम आले तेव्हा ही मुदतच जास्तीत जास्त २४ तासांची ठेवली होती. त्याने ते फोटो तुला पाठवून दाखवलेत ना, मग स्टॉपएनसीआयआय नावाची साइट आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. तुझ्या फोनमध्येच त्या फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होतो, फोटो कुठेही जात नाही, फक्त ठसा जातो, आणि इन्स्टा-फेसबुकसारख्या ठिकाणी तो फोटो चढवायचा प्रयत्न झाला की त्यावरून पकडता येतो. व्हॉट्सॅपवर खाजगीत पाठवलेलं यात थांबत नाही, म्हणून पुढचं वाच.

सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर बायका आणि मुलांच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे, अशा फोटोंची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. पण तुझ्या बाबतीत धमकी आणि खंडणी आहे, मी म्हणेन नावानिशी कर, म्हणजे पुढे तपासाची विचारणा करता येईल. कोपरखैरणे पोलिस स्टेशनला जाऊ शकतेस, 'आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो, आणि महिला अधिकाऱ्याशीच बोलायचंय असं सांगू शकतेस.

घरचं. तुझी भीती मला कळते आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, काही घरांत खरंच कॉलेज बंद होतं. पण त्या माणसाकडे एकच शस्त्र आहे, बाबांना त्याच्याकडून कळण्याची भीती. बाबांना आधी तुझ्याकडून कळलं तर ते शस्त्र गेलं. एकदम बाबांना जमत नसेल तर आईला सांग, नाहीतर मावशी, आत्या, कॉलेजमधल्या मॅडम, ज्यांच्यापुढे तुला रडता येईल अशी कोणीही एक मोठी बाई, आणि तिला घेऊन बाबांसमोर बस. हा कॉलम त्यांना वाचायला दे हवं तर. बाबा, तुम्ही वाचत असाल तर, तुमच्या मुलीने काहीही चुकीचं केलेलं नाही, आणि तिचं कॉलेज बंद केलंत तर त्या माणसाला हवं तेच होईल.

सिम लगेच बदलू नकोस, बँक आणि कॉलेजचं सगळं त्या नंबरला जोडलेलं असणार आणि येणाऱ्या कॉल्सची नोंद पोलिसांना लागेल. अनोळखी नंबर सायलेंट करायची सेटिंग चालू कर, रात्री फोन आईकडे दे. तक्रारीचा नंबर मिळाला की मला मेल कर, पुढचं पत्र कसं लिहायचं ते आपण मिळून बघू.